‘स्ट्र-एन-कॉपी असताना वेगळं कशाला?’ : एका फिरत्या मेसेजला उत्तर

रविवारी सकाळी कर्वेनगरला माझ्या घरी सात-आठ मुलं-मुली सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला येतात. बहुतेक हिंजवडीत किंवा मगरपट्ट्यात नोकरीला, दोघं अजून कॉलेजात. मागच्या रविवारी त्यातल्या एकीने चहा व्हायच्या आधीच फोन माझ्यापुढे धरला. “ताई, हे खरंय का? टीमच्या ग्रुपवर आलं आणि आमच्या लीडने लगेच कोड बदलायला काढलाय.” तोच मेसेज मला त्या आठवड्यात आणखी तिघांनी पाठवला होता.

मेसेज थोडक्यात असा. ओपनएसएसएलसारख्या क्रिप्टो लायब्रऱ्यांमध्ये (म्हणजे माहिती गुप्त आणि सुरक्षित ठेवणाऱ्या तयार कोडमध्ये) स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, कॉपी करायला, जोडायला, ताडून बघायला, हेक्समध्ये बदलायला स्वतःची फंक्शनं लिहिलेली असतात, आणि हा जुन्या काळचा द्राविडी प्राणायाम आहे. सुरक्षित कॉपीसाठी स्ट्र-एन-कॉपी आहेच. बाकीची फंक्शनंही आता सगळीकडे सारखीच चालतात. सीमधली स्ट्रिंग म्हणजे शेवटी शून्य असलेले बाइट, त्यात क्रिप्टोचं वेगळं काही नाही. बाइट ताडणारं मेम-कंपेअर आणि बाइट भरणारं मेम-सेट नुसती नावं बदलून पुन्हा लिहिलेली आहेत. ‘स्वतःचं क्रिप्टो लिहू नका’ असं जगाला सांगणारे स्वतःच स्ट्र-कॉपी लिहीत बसतात. ओपनएसएसएलमधूनच निघालेल्या लिब्रेएसएसएलने हे सगळं काढून टाकलं आणि ती लायब्ररी सुरक्षित झाली. शिवाय स्टँडर्ड फंक्शनं जास्त वेगवान. म्हणून तुमच्या प्रोजेक्टमधली अशी फंक्शनं आजच काढा.

मी गेली सतरा वर्षं छोट्या यंत्रांसाठी सी लिहिते, त्यातली अकरा या विषयात गेली. मेसेज नुसता फिरत राहिला असता तर मी त्यावर लिहिलं नसतं. पण आता कोणाच्या तरी चालत्या यंत्रातला कोड त्यावरून बदलला जातोय, म्हणून एकेक मुद्दा घेते. फंक्शनांची नावं आपण तोंडी म्हणतो तशीच लिहिली आहेत.

‘सुरक्षित कॉपीसाठी स्ट्र-एन-कॉपी आहेच’

हा मुद्दा सगळ्यांना चटकन पटतो. नावात ‘एन’ आहे, एन म्हणजे मर्यादा, आणि मर्यादा घातली की काळजी मिटली असं आपल्याला शिकवलेलं असतं. पण हे फंक्शन मुळात स्ट्रिंग जपून कॉपी करायला लिहिलेलंच नव्हतं. युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत डिरेक्टरीतल्या प्रत्येक नोंदीत फाइलच्या नावाला बरोबर १४ बाइट असत. नाव लहान असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरायची. नाव पूर्ण १४ अक्षरांचं असेल तर शेवटी शून्याला जागा नाही, आणि त्याची गरजही नाही, कारण वाचणाऱ्याला लांबी ठाऊक आहे. अशा ठरलेल्या मापाच्या खणांसाठी ते होतं, आणि त्या कामाला अगदी चोख होतं. आपण ते उचललं आणि भलत्याच कामाला लावलं.

त्याची किंमत मी पाहिली आहे. साधारण दहा वर्षांपूर्वी भोसरीतल्या एका कंपनीसाठी आम्ही मीटरचे आकडे गोळा करणारं एक यंत्र करत होतो. त्याच्या नोंदीत आधी यंत्राचा क्रमांक होता, १६ बाइटचा, आणि लगेच पुढे १६ बाइटची एईएस किल्ली, म्हणजे आकडे गुप्त करायची चावी. क्रमांक स्ट्र-एन-कॉपीने भरलेला, मर्यादा १६. तेव्हाचे क्रमांक १५ अक्षरांचे होते, सोळावा बाइट शून्याचा, त्यामुळे दोन वर्षं काहीच झालं नाही. मग यंत्रांची संख्या ९९९९ च्या पुढे गेली, क्रमांकात एक आकडा वाढला, आणि नाव बरोबर १६ अक्षरांचं झालं. शेवटचं शून्य नाहीसं झालं. लॉगमध्ये क्रमांक छापणारी ओळ सोळाव्या अक्षराशी थांबेना, ती पुढची किल्लीही छापू लागली. आम्हाला हे कळलं ते जागेवर काम करणाऱ्या एका टेक्निशियनमुळे. त्याने फोन करून विचारलं, “मॅडम, नंबरच्या पुढे हा कचरा काय येतोय?” तो कचरा म्हणजे त्या यंत्राची गुप्त किल्ली होती, आणि ती ज्या लॅपटॉपवर आली तो रोज पाच जणांच्या हातात फिरत होता. त्या तुकडीतल्या प्रत्येक यंत्राची किल्ली बदलावी लागली. कंपायलरने चकार शब्द काढला नव्हता, चाचण्या सगळ्या हिरव्या होत्या.

स्ट्र-एल-कॉपी हे या दुखण्यावरचं औषध आहे. टॉड मिलर आणि थिओ डी राट यांनी ते लिहिलं आणि डिसेंबर १९९८ मध्ये ओपनबीएसडी २.४ मधून ते बाहेर आलं. ओपनएसएसएलची पहिली आवृत्तीसुद्धा त्याच महिन्यातली. त्याचं वचन साधं आहे: बफरचं, म्हणजे कॉपी जिथे ठेवायची त्या जागेचं, माप शून्य नसेल तर शेवटी शून्य ठेवणारच, आणि मूळ स्ट्रिंग किती लांब होती ते परत सांगणार, म्हणजे काही कापलं गेलं का ते तुम्हाला कळेल. ओपनएसएसएलमधलं रूप दहा-बारा ओळींचं आहे. एक फेरा, त्यात जागा उरली असेल तोवर एकेक बाइट पुढे, शेवटी शून्य, आणि उरलेल्या भागाची लांबी मिळवून एकूण आकडा परत. वाचायला एक मिनिट लागतं.

आता मेसेज म्हणतो तसं ‘स्टँडर्ड’ वापरायचं, तर हे फंक्शन लिनक्सवर आपण सगळे वापरतो त्या ग्लिबसीमध्ये (सीच्या स्टँडर्ड लायब्ररीत) कधी आलं? आवृत्ती २.३८ मध्ये, २०२३ साली. युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या पॉझिक्स मानकात २०२४ साली. सीच्या सी-२३ मानकात ते आजही नाही. जवळपास पंचवीस वर्षं ज्या लायब्ररीला लिनक्स, विंडोज, सोलारिस, मेनफ्रेम आणि छोट्या बोर्डांवर एकसारखं चालायचं होतं, तिने हे दहा ओळींचं फंक्शन गाठीशी बांधून फिरायचं नाही तर काय करायचं?

मी स्ट्र-एल-कॉपीची भक्त नाही, हेही इथेच सांगते. लांबी सांगण्यासाठी ते मूळ स्ट्रिंग शेवटपर्यंत वाचतं, म्हणजे मूळ स्ट्रिंगलाच शेवटचं शून्य नसेल तर ते बेलगाम वाचत सुटतं. लिनक्स कर्नलने याच कारणाने ते हळूहळू बाजूला करून स्ट्र-एस-कॉपी आणलं आणि २०२४ मधल्या ६.८ आवृत्तीत स्ट्र-एल-कॉपी काढून टाकलं. ती जागा त्यांनी स्ट्र-एन-कॉपीला दिली नाही, स्वतःच्याच आणखी एका फंक्शनला दिली. आणि परत आलेला आकडा तपासला नाही तर स्ट्र-एल-कॉपी गुपचूप नाव कापतं. मराठीत ते कसं दिसतं ते मी मुलांना फळ्यावर दाखवते. ‘शिवाजीनगर’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये २७ बाइटचा आहे, प्रत्येक चिन्हाला तीन बाइट. २० बाइटच्या बफरमध्ये स्ट्र-एल-कॉपीने टाकला तर १९ बाइट बसतात: ‘शिवाजी’ पूर्ण, आणि ‘न’चा पहिला तुकडा. हा अर्धा तुकडा वेबसाइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटच्या नावात शिरला तर ते यूटीएफ-८ म्हणून वैधच राहत नाही. स्ट्र-एन-कॉपीने टाकला तर ‘न’चे दोन तुकडे येतात आणि शेवटचं शून्यही जातं.

‘सगळीकडे सारखंच चालतं’

हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो. ज्याने फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर कोड चालवला आहे त्यालाच असं वाटू शकतं.

स्ट्र-केस-कंपेअर घ्या. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक न करता दोन नावं ताडून बघायची. हे सीच्या मानकात नाही. पॉझिक्सवर एका नावाने मिळतं, विंडोजवर दुसऱ्या. पण नाव वेगळं असणं हा किरकोळ त्रास. खरी अडचण ही की ते लोकेल बघून चालतं, म्हणजे वापरणाऱ्याने कुठली भाषा निवडली आहे त्यावर. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे आपल्याला हा प्रश्न सुचतच नाही. तुर्की भाषेत दोन ‘आय’ आहेत, एक टिंबवाला आणि एक बिनटिंबाचा, आणि मोठ्या बिनटिंबाच्या ‘आय’चं लहान रूपही बिनटिंबाचंच. लोकेल तुर्की असेल तर काही सिस्टिमवर मोठ्या अक्षरांतला ‘कॅमेलिया’ आणि लहान अक्षरांतला ‘कॅमेलिया’ (हे एका सायफरचं नाव) ही दोन वेगळी नावं ठरतात. ओपनएसएसएल ३.० मध्ये अल्गोरिदम नावाने शोधला जातो, म्हणून तिथे हे थेट अंगावर आलं. २०२२ मध्ये ३.० मालिकेतच त्यांनी स्वतःची तुलना-फंक्शनं आणली, जी लोकेलकडे बघतच नाहीत. इस्तंबूलमधल्या माणसाने आपल्या कॉम्प्युटरची भाषा आपली ठेवली म्हणून त्याचं सुरक्षित कनेक्शन तुटावं का? मला हा प्रश्न तंत्राइतकाच माणसांचा वाटतो. उद्या कोणी मराठी लोकेल ठेवून काम करेल, तेव्हा त्यालाही हेच संरक्षण हवं.

मग अक्षर आहे की अंक ते ओळखणारी इज-अल्फा, इज-डिजिट या कुटुंबातली फंक्शनं. त्यांना शून्य ते २५५ मधला आकडा किंवा ईओएफ (फाइल संपल्याची खूण) हवा असतो, दुसरं काही दिलं तर मानक हात वर करतं. आता साध्या कॅरमध्ये, म्हणजे सीच्या एका बाइटच्या खणात, देवनागरीचा बाइट ठेवा. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह हेक्सच्या ई-शून्य या बाइटने सुरू होतं. इंटेलच्या लॅपटॉपवर कॅर चिन्हासह धरला जातो, म्हणून तो बाइट उणे ३२ होतो. एआरएमच्या लिनक्स बोर्डवर कॅर बिनचिन्हाचा असतो, तिथे तो २२४ राहतो. ग्लिबसी उणे आकडे सांभाळून घेते, त्यामुळे लिनक्सवर काही दिसत नाही. तोच कोड विंडोजवर डिबग बिल्डमध्ये असर्शन देऊन बंद पडतो. एकाच ओळीचे तीन सिस्टिमवर तीन स्वभाव, आणि तेही कोणीतरी आपलं नाव मराठीत लिहिलं म्हणून. ओपनएसएसएलने अक्षरांचे प्रकार ओळखणारी आपली वेगळी फंक्शनं ठेवली आहेत ती यासाठी.

मेनफ्रेमचं नाव काढलं की मुलं हसतात, पण पुण्यातल्या कितीतरी लोकांचं पोट परदेशी बँकांच्या मेनफ्रेमवर चालतं. तिथे अक्षरांचे आकडे ईबीसीडिकचे. मोठा ‘ए’ आपल्याकडे ६५, तिथे १९३. ‘आय’ २०१ आणि त्याच्या पुढचा ‘जे’ एकदम २०९. म्हणजे ‘ए’मध्ये नऊ मिळवले की ‘जे’ येतो हे गणित तिथे कोसळतं, आणि बेस-६४ सारखी पूर्ण वर्णमाला लागणारी कामं बिघडतात. ओपनएसएसएलमधलं हेक्स अंक वाचणारं फंक्शन बघा: त्यात बेरीज-वजाबाकी नाही, प्रत्येक अक्षरासाठी एकेक केस लिहिलेली आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही ते लांबलचक वाटलं होतं. आता मी तसंच लिहिते.

एस-एन-प्रिंट-एफ तर सी-९९ पासून मानकात आहे, पण मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये ते मानकाप्रमाणे आलं व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ मध्ये. त्याआधी अंडरस्कोर लावलेलं जे होतं, ते बफर भरला की शेवटचं शून्य ठेवतच नसे. स्ट्र-एरर-आर एकाच नावाचं, पण त्याची दोन रूपं: पॉझिक्सचं पूर्णांक परत देतं, ग्नूचं पॉइंटर परत देतं आणि तुम्ही दिलेला बफर वापरेलच असं नाही. चुकीचं रूप गृहीत धरलं तर त्रुटीचा संदेश म्हणून रिकामा बफर छापला जातो. हे फरक एकदा, एका फाइलमध्ये, एका छोट्या फंक्शनच्या पोटात ठेवले की बाकीच्या शेकडो फाइलींना त्याचा पत्ता लागत नाही.

स्ट्र-डुपबद्दल मेसेजमध्ये ठसक्याने लिहिलंय की ‘ते तर सी-२३ मध्येही आलं’. आलं, खरंय. सी-२३ प्रसिद्ध झालं २०२४ मध्ये, आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांत आजही त्याच्या कितीतरी आधीचे कंपायलर बसलेले आहेत. पण सगळीकडे ते मिळालं असतं तरी अडचण सुटत नाही. स्ट्र-डुप मेमरी घेतं ती सिस्टिमच्या मॅलॉककडून. ओपनएसएसएल वापरणाऱ्याला स्वतःचा मेमरी-वाटप करणारा कोड जोडता येतो. स्ट्रिंग एका दुकानातून घेतली आणि परत दुसऱ्या दुकानात केली तर हीप, म्हणजे मेमरीचा साठा, बिघडतो. विंडोजवर दोन डीएलएलमध्ये सीच्या वेगळ्या रनटाइम असल्या की हेच होतं, एकीकडे घेतलेली मेमरी दुसरीकडे सोडली की प्रोग्राम कोलमडतो. लायब्ररीचं स्वतःचं स्ट्र-डुप म्हणजे ज्याच्याकडून घेतलं त्यालाच परत करायची हमी.

‘स्ट्रिंग म्हणजे शेवटी शून्य, त्यात वेगळं काय?’

सर्टिफिकेटमधली स्ट्रिंग तशी नसते. एएसएन-१ या सर्टिफिकेट लिहिण्याच्या पद्धतीत आधी लांबी लिहिलेली असते आणि मग तेवढे बाइट. त्या बाइटांच्या मधोमध शून्य असू शकतं. २००९ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डॅन कामिन्स्की या दोघांनी स्वतंत्रपणे याचा दुरुपयोग दाखवला. सर्टिफिकेटसाठी नाव असं मागायचं: आधी बँकेचं डोमेन, मग एक शून्य बाइट, मग आपलं स्वतःचं डोमेन. सर्टिफिकेट देणारी संस्था शेवटचा भाग बघते, तो खरोखर अर्जदाराचाच, म्हणून सही देते. ब्राउझर मात्र सीच्या नेहमीच्या पद्धतीने शून्यापर्यंतच वाचतो आणि बँकेचं नाव जुळलं म्हणून विश्वास ठेवतो. स्टँडर्ड स्ट्र-कंपेअरने आपलं काम अगदी नियमाप्रमाणे केलं होतं. ते त्या कामाचं नव्हतं, एवढंच.

उलट बाजूची चूक खुद्द ओपनएसएसएलमध्ये झाली. एएसएन-१ स्ट्रिंगच्या शेवटी शून्य असेलच असं काही ठिकाणी धरून चाललेलं होतं. लायब्ररी स्वतः सर्टिफिकेट वाचताना ते शून्य जोडत असे, पण वापरणाऱ्याने स्ट्रिंग हाताने बनवली तर ते नसायचं, आणि छापणारी फंक्शनं बफरच्या पलीकडे वाचायची. ऑगस्ट २०२१ मध्ये १.१.१-एल आवृत्तीत हे दुरुस्त झालं. ही चूक ओपनएसएसएलची होती हे मी लपवत नाही. पण ती झाली ती मेसेजवाल्याच्याच समजुतीने, की स्ट्रिंग म्हटली म्हणजे शेवटी शून्य असणारच.

‘मेम-कंपेअर, मेम-सेटची नुसती नावं बदलली आहेत’

वरवर पाहिलं तर कामं खरंच तीच आहेत. फरक कशात आहे ते सांगते.

मेम-कंपेअर पहिला वेगळा बाइट सापडताच थांबू शकतं, आणि वेगासाठी ते योग्यही आहे. पण समोरचा जर १६ बाइटचा सुरक्षा-टॅग (संदेश खरा असल्याची खूण) अंदाजाने पाठवत असेल आणि उत्तर यायला लागलेला वेळ मोजत असेल, तर किती बाइट जुळले ते त्याला वेळावरून कळू शकतं. मग पूर्ण टॅग एकदम ओळखायची गरज उरत नाही. एकेक बाइट २५६ प्रयत्नांत, सोळा बाइट जास्तीत जास्त ४०९६ प्रयत्नांत. जिथे दोनचा १२८ वा घात एवढी भिंत होती, तिथे उंबरठा उरला. प्रत्यक्षात नेटवर्कच्या गोंगाटातून तो वेळ मोजायला पुष्कळ खटपट लागते, पण ती करणारे लोक आहेत. क्रिप्टोचं मेम-कंपेअर शेवटच्या बाइटपर्यंत सारखंच चालतं, आणि ‘सारखं’ की ‘वेगळं’ एवढंच सांगतं.

मेम-सेटची गोष्ट कंपायलरशी जोडलेली आहे. काम झाल्यावर किल्ली पुसायला तुम्ही मेम-सेटने शून्य भरता आणि फंक्शन संपतं. कंपायलर बघतो की हा बफर पुढे कोणी वाचत नाही, मग ती ओळ तो उडवतो. त्याच्या नियमाने तो बरोबर आहे, पण किल्ली मेमरीत तशीच राहते. ओपनबीएसडीने २०१४ मध्ये यासाठी एक्सप्लिसिट-बीझिरो आणलं, ग्लिबसीने २०१७ मध्ये ते घेतलं, विंडोजवर वेगळंच नाव, आणि सी-२३ मध्ये आणखी एक. एका कामाला तीन नावं, आणि प्रत्येक सिस्टिमवर त्यातलं एखादंच हजर. म्हणून लायब्ररी आपलं क्लीन्झ ठेवते. मुलांना मी हे ऐकवत नाही, ऑप्टिमायझेशन चालू करून असेंब्ली उघडायला लावते. आपण लिहिलेली ओळ तिथे नाहीच हे दिसलं की वर्गात शांतता होते.

‘स्वतःचं क्रिप्टो लिहू नका, मग स्ट्र-कॉपी कसं?’

तो नियम चांगला आहे, आणि त्यामागचं कारण असं की क्रिप्टोमधली चूक चाचणीत दिसत नाही. एखादा नवशिका स्वतःचा सायफर लिहितो, तो नीट उलगडतोही, आणि तरीही कुचकामी असतो. दहा ओळींचं स्ट्र-एल-कॉपी तसं नाही. रिकामी स्ट्रिंग, माप शून्य, माप एक, बरोबर बसणारी, एक बाइट जास्त: एवढ्या चाचण्यांत त्याचा सगळा स्वभाव समोर येतो.

तरीही या मुद्द्यात एक खरी गोष्ट आहे आणि ती मी मान्य करते. जेवढा कोड स्वतःचा, तेवढ्या चुकाही स्वतःच्या. ओपनएसएसएलने प्रिंट-एफचं पूर्ण कुटुंब स्वतः लिहिलं होतं, आणि मार्च २०१६ मध्ये त्यातच दोष निघाला: खूप लांब स्ट्रिंगची लांबी मोजताना आकडा ओसंडत होता आणि बफरबाहेरची मेमरी वाचली जाऊ शकत होती. प्रिंट-एफ म्हणजे फॉरमॅटची एक छोटी भाषाच आहे, ती पुन्हा लिहिणं आणि दहा ओळींची कॉपी लिहिणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणून माझं मत असं, की लायब्ररीने छोट्या कामांची छोटी फंक्शनं ठेवावीत आणि प्रिंट-एफएवढं मोठं काम शक्य तिथे सिस्टिमवर सोपवावं. मेसेजने एवढंच म्हटलं असतं तर मी सही केली असती.

‘लिब्रेएसएसएलने काढून टाकलं’

इथे अर्धीच गोष्ट सांगितली आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधलं हार्टब्लीड नावाचं मोठं भगदाड उघडं पडलं आणि ओपनबीएसडीच्या लोकांनी ओपनएसएसएलचा कोड घेऊन लिब्रेएसएसएल वेगळी केली. जुन्या सिस्टिमसाठीचे थर त्यांनी भराभर उपसले आणि कोड वाचण्याजोगा झाला, याबद्दल मला आदरच आहे. पण ते ओपनबीएसडीवर बसून काम करत होते, जिथे स्ट्र-एल-कॉपी, एक्सप्लिसिट-बीझिरो आणि वेळ न फोडणारी तुलना सिस्टिममध्येच होती. त्यांना ती लायब्ररीत ठेवायची गरज नव्हती. हीच लिब्रेएसएसएल लिनक्स किंवा विंडोजवर न्यायची म्हटल्यावर ‘पोर्टेबल’ नावाची वेगळी आवृत्ती लागते. त्यात कंपॅट नावाचं फोल्डर आहे, ते उघडा. स्ट्र-एल-कॉपी, स्ट्र-एल-कॅट, स्ट्र-एन-डुप, स्ट्र-एन-लेन, सगळी मंडळी तिथे बसलेली आहेत. फंक्शनं गेली नाहीत, त्यांचं घर बदललं. गूगलच्या बोरिंगएसएसएलने तर ओपनएसएसएलमधलं किती काही टाकून दिलं, पण तिच्यातही स्वतःचं स्ट्र-डुप, स्ट्र-केस-कंपेअर, स्ट्र-एल-कॉपी आहे.

आणि हार्टब्लीडचा दोष या फंक्शनांच्या माथी मारणं तर साफ चूक आहे. समोरून आलेली लांबी न तपासता तेवढे बाइट मेम-कॉपीने उत्तरात भरले गेले, हे हार्टब्लीड. तिथे वापरलेली कॉपी स्टँडर्डच होती. ओपनएसएसएलच्या स्वतःच्या मेमरी-वाटपाच्या पद्धतीने ती चूक लपून राहायला मदत केली, ही टीका तेव्हा झाली आणि ती योग्य होती. पण तो मेमरी साठवून ठेवणारा थर होता, स्ट्रिंगची फंक्शनं नव्हेत.

‘स्टँडर्ड जास्त वेगवान’

ग्लिबसीचं स्ट्र-लेन नक्कीच वेगवान आहे. पण या फंक्शनांतून जातात ती अल्गोरिदमची, होस्टची, फाइलींची नावं, म्हणजे काही डझन बाइट. सुरक्षित कनेक्शन जोडताना होणाऱ्या एका टीएलएस हँडशेकमधल्या सहीच्या गणितापुढे तो वेळ मोजण्यातही येत नाही.

त्या रविवारी आम्ही तिच्या लीडने केलेले बदल एकेक करून पाहिले. काही ठिकाणी बदल चालण्यासारखा होता: कोडमध्येच लिहिलेली ठरावीक स्ट्रिंग, माप आधीच ठाऊक. ते तसेच राहू दिले. सर्टिफिकेटमधलं नाव स्ट्र-कंपेअरने ताडलेलं होतं, टॅगची तपासणी मेम-कंपेअरवर आणली होती, आणि यंत्राचं नाव १६ बाइटच्या खणात स्ट्र-एन-कॉपीने टाकलं होतं. त्या खणाच्या पुढे काय ठेवलंय, असं मी विचारलं. तिने स्ट्रक्चरची फाइल उघडली, दोन ओळी खाली गेली, आणि लगेच लीडला फोन लावायला गॅलरीत गेली.